जुन्या पेजमेकर फायलींसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी

दिवाळी अंक, स्मरणिका, पुस्तकं यांची पंधरा-वीस वर्षांपूर्वी लावलेली पानं आज उघडायला घेतली की काम दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे पेजमेकर, पानं लावण्याचा जुना प्रोग्राम. त्याची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. त्याच्या जागी आलेला इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकर ६.० ते ७.० च्या फायली उघडत असे. पुढच्या सीसी आवृत्त्यांत ती सोयच उरली नाही. दुसरी अडचण फॉन्टची. श्रीलिपी, आकृती, इस्म यांचे त्या काळचे फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट संगणकावर नसला की पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, तिला तिचा जुना संसार हवा असतो.

तो संसार म्हणजे विंडोज एक्सपी, आणि ती आजच्या संगणकात एका बंद पेटीत, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, चालवता येते. इथे अशी पेटी बनवणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम धरून सांगितलं आहे, कारण तो फुकट आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो. खरा संगणक तो होस्ट आणि पेटीतली एक्सपी ती गेस्ट, एवढे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर मात्र हा मार्ग बंद आहे. तिथला व्हर्च्युअलबॉक्स फक्त एआरएम, म्हणजे त्याच मॅकच्या जातीचे, गेस्ट चालवतो आणि एक्सपी आहे इंटेलच्या जातीची. त्या मॅकवर यूटीएम हा प्रोग्राम वापरा. तो प्रोसेसरची पूर्ण नक्कल करतो, म्हणून हळू चालतो, पण पानं उघडून मॅटर, म्हणजे मजकूर, काढण्याइतका चालतो.

आधी काय जमवायचं

एक्सपीची मूळ सीडी आणि तिची २५ अक्षरांची की. शक्यतो सर्व्हिस पॅक ३ असलेली. सीडी ड्राइव्ह असलेल्या एखाद्या संगणकावर तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फायलीतली प्रत, करून घ्या. विंडोजवर इमगबर्न हे काम नीट करतो. जुन्या ब्रँडेड संगणकाबरोबर आलेली रिकव्हरी सीडी बहुधा उपयोगाची नसते. ती बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, आपल्या कंपनीची खूण शोधते, आणि व्हर्च्युअल मशीनच्या बायोसमध्ये ती नसते. मग सीडी एकतर चालायलाच नकार देते किंवा ॲक्टिव्हेशन मागत बसते. ॲक्टिव्हेशनशिवाय एक्सपी ३० दिवस चालते. इंटरनेटवर ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ म्हणून फिरणारी आयएसओ घेऊ नका. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय आत आणखी काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो.

पेजमेकरची सीडी, आणि सर्वांत महत्त्वाचे, फॉन्ट. जुना संगणक अजून सुरू होत असेल तर त्याचं विंडोजमधलं फॉन्ट फोल्डर अख्खंच उचला. कुठला फॉन्ट कुठल्या पानात आहे हे आज कुणालाच आठवत नसतं.

होस्टच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, तेही पाहून घ्या. इंटेलवर ते ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतं, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ म्हणून. बंद असेल तर मशीन सुरूच होणार नाही, व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ पासून त्याशिवाय चालण्याची जुनी पद्धत काढून टाकली आहे.

मशीन बनवताना

‘न्यू’ दाबून प्रकार ३२ बिट विंडोज एक्सपी निवडा. आयएसओ तिथेच दिली तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःहून इन्स्टॉल करायला धावतो. ते अनअटेंडेड इन्स्टॉलेशन बंद करा. एक्सपी हातानेच बसवलेली बरी.

मेमरी १०२४ एमबी. जास्त दिल्याने पेजमेकर वेगाने चालत नाही. प्रोसेसर एकच. सुरुवातीला एकावर बसवून नंतर दोन केले तरी एक्सपी दुसऱ्याकडे पाहत नाही, कारण इन्स्टॉल होताना तिने हार्डवेअर ओळखण्याचा जो थर निवडला तो एका प्रोसेसरचा असतो. आय-ओ एपीआयसी चालू-बंद करण्याचा खेळ इन्स्टॉलेशननंतर करू नका, मशीन बूट होणं बंद होईल. चिपसेट पीआयआयएक्स३ आणि ईएफआय बंद. ग्राफिक्स कंट्रोलर व्हीबॉक्सव्हीजीए.

डिस्क सी साठी २० जीबी, डायनॅमिक. म्हणजे फाइल जितकी भरेल तितकीच जागा होस्टवर अडते. ही डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरलाच जोडा. सर्वाधिक लोक इथेच पडतात: ‘साटा वेगवान’ म्हणून साटाला जोडतात आणि निळा पडदा येतो. त्यावरच्या कोडच्या शेवटी ‘सात बी’ असतं. अर्थ एवढाच, की एक्सपीजवळ साटाच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नाही, तिला स्वतःची डिस्कच दिसत नाही. जुन्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून व्हर्च्युअल मशीनला लावली तरी बहुतेकदा हाच पडदा दिसतो. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा एक्सपी नव्याने बसवणं कमी वेळात होतं.

आता एक जास्तीचं काम, जे नंतर फार उपयोगी पडतं. १० जीबीची दुसरी डिस्क करून तीही आयडीईला जोडा. गेस्टमध्ये फॉरमॅट करून हिला डी ड्राइव्ह करायचं आहे. मशीनचा पहिला स्नॅपशॉट (परत येता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घेण्याआधीच व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये जाऊन तिचा प्रकार ‘राइटथ्रू’ करा. राइटथ्रू डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाही. पुढे कधी एक्सपी बिघडली आणि जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात तरी डी वरचं काम शाबूत राहतं. आधी साध्या प्रकारात ठेवून, स्नॅपशॉट घेऊन, मग बदलायला गेलात तर बदलता येत नाही.

एक्सपी बसवताना

इन्स्टॉलेशनच्या निळ्या पडद्यावरच्या पहिल्या भागात एंटर, मग एफ८, मग रिकाम्या जागेवर पार्टिशन. फॉरमॅट ‘एनटीएफएस क्विक’. फायली कॉपी झाल्या की मशीन रीस्टार्ट होतं आणि ‘सीडीवरून बूट करायला कुठलीही कळ दाबा’ असं विचारतं. आता दाबू नका. दाबलीत तर पहिल्यापासून सुरुवात होते आणि लोकांना वाटतं की इन्स्टॉलेशन गोल गोल फिरतंय. एसएसडीवर सगळं मिळून अर्ध्या तासात उरकतं. माउस खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल बटण दाबल्यावर सुटतो.

रीजनल सेटिंगमध्ये दोन गोष्टी. नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा इंग्रजी, युनायटेड स्टेट्स अशीच ठेवा. जुने फॉन्ट त्याच अक्षरसंचावर बेतलेले आहेत. दुसरं, ‘लँग्वेजेस’ टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली बसवण्याची चौकट टिक करा. एक्सपीमध्ये ही सोय आपोआप बसत नाही. तिच्यासाठी सीडी पुन्हा मागेल. तिच्याशिवाय युनिकोड मराठी नावांची जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटक दिसतात. पण ती बसवली म्हणून पेजमेकर मराठी नावाची फाइल उघडेल असं नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. ‘दिवाळी अंक’ असं देवनागरीत नाव दिलेली फाइल गेस्टमध्ये नेण्याआधी होस्टवरच इंग्रजी नावाची करून घ्या.

होस्ट विंडोज १० किंवा ११ असेल आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसत असेल, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, आधीच जागा अडवून बसलेला आहे. विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ आणि विंडोज फीचर्समधलं हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म ही त्याची नेहमीची कारणं. ती बंद केली की कासव बहुधा जातं, पण होस्टवर डब्ल्यूएसएल २ किंवा डॉकर वापरत असाल तर तेही बंद पडतात, आणि मेमरी इंटिग्रिटी ही होस्टची सुरक्षाच आहे. पेजमेकरला कासवाचा वेगही पुरतो. एक्सपी अगदी खोळंबायला लागली तरच तिकडे हात घाला, आणि त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे होस्टच्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की हाताशी ठेवा.

गेस्ट ॲडिशन्स, शेअर फोल्डर आणि नेटवर्क

एक्सपी सुरू झाली की ‘डिव्हायसेस’ मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची, म्हणजे गेस्टमध्ये बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांची, सीडी लावा आणि सेटअप चालवा. ड्रायव्हर विंडोज लोगो चाचणीतून गेलेला नाही, असा इशारा मधे येतो. ‘कंटिन्यू एनीवे’ म्हणा. डायरेक्ट थ्रीडीची चौकट सोडून द्या, पेजमेकरला तिचा काही उपयोग नाही. नव्या व्हर्च्युअलबॉक्समधल्या ॲडिशन्स एक्सपीवर बसायला कुरकुरल्या तर ६.१ मालिकेतली गेस्ट ॲडिशन्सची आयएसओ उतरवून वापरा. होस्टवरचा व्हर्च्युअलबॉक्स नवा आणि ॲडिशन्स जुन्या, ही जोडी चालते.

एक्सपी ॲक्टिव्हेट झाली की सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क ॲडॅप्टर बंद करा. नॅट वगैरेही नको, ॲडॅप्टरच काढून टाका. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसच्या हल्ल्याच्या वेळी अपवाद म्हणून एक पॅच काढला होता, पण तेवढ्यावर विसंबून एक्सपी जाळ्यात सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. तसंही तिच्या ब्राउझरला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही, आजच्या बहुतेक साइट उघडणारच नाहीत. नेटवर्क ठेवून मिळतं काहीच नाही.

फायलींची ने-आण शेअर फोल्डरमधून करा. शेअर फोल्डर गेस्ट ॲडिशन्समार्फत चालतो, नेटवर्क ॲडॅप्टरशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ॲडॅप्टर काढूनही तो दिसतो. दोन वेगळे फोल्डर करा: एक ‘आत’, ज्यात जुन्या फायली आहेत आणि जो रीड-ओन्ली आहे, दुसरा ‘बाहेर’, ज्यात लिहिता येतं. त्या काळच्या सीडी आणि पेन ड्राइव्हवर ऑटोरनचे व्हायरस सर्रास असत. गेस्टमध्ये एखादा जागा झालाच तर तो लिहिता येणाऱ्या फोल्डरमधून तुमच्या एकमेव प्रतीपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आत नेण्याआधी होस्टवरच्या अँटिव्हायरसने सगळं तपासून घ्या.

डोंगल

डोंगल म्हणजे प्रोग्रामचा परवाना ओळखण्यासाठी पोर्टला लावायची छोटी किल्ली. इथे बरेच जण उगाच थांबतात. नुसती पानं उघडून छापायची किंवा मॅटर काढायचं असेल तर बहुतेकदा डोंगल लागतच नाही. डोंगल लागतो टायपिंगच्या प्रोग्रामला, कीबोर्ड चालवण्यासाठी. फाइल दिसायला पेजमेकर आणि फॉन्ट पुरेसे असतात.

त्या मजकुरात जुन्याच फॉन्टमध्ये दुरुस्त्या करायच्या असतील तर मात्र तो हवा. यूएसबी डोंगल असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी २.० कंट्रोलर निवडा. ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नाही. गेस्टमध्ये डोंगलचा ड्रायव्हर आधी बसवा, मग डोंगल लावा आणि यूएसबी फिल्टर करा. फिल्टरमध्ये व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी एवढेच ठेवून बाकीच्या चौकटी रिकाम्या करा. नाहीतर दुसऱ्या पोर्टमध्ये लावल्यावर डोंगल ओळखला जात नाही. होस्ट लिनक्स असेल तर तुमचं खातं ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात हवं, नसेल तर यूएसबीची यादीच रिकामी दिसते.

प्रिंटर पोर्टचा, म्हणजे पॅरलल डोंगल असेल तर आशा कमी ठेवा. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरसाठी बनवलेल्या असतात; डोंगलला पोर्टच्या ज्या तारांशी थेट बोलावं लागतं ते त्यांना जमत नाही.

पेजमेकर उघडताना

फॉन्ट सगळ्यात आधी. कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्टच्या खिडकीत ‘इन्स्टॉल न्यू फॉन्ट’. मग पेजमेकर. आणि फाइल उघडण्याआधी गेस्टमध्ये एक पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पान वर्णन करणारी भाषा) प्रिंटर घाला: ॲड प्रिंटर, लोकल, पोर्ट ‘फाइल’, कंपनी ‘जेनेरिक’, मॉडेल ‘एमएस पब्लिशर कलर प्रिंटर’. हा एक्सपीतच असतो. तोच डीफॉल्ट करा. प्रत्यक्ष यंत्र कुठलंच नाही, पण पेजमेकर प्रिंटरच्या हिशेबाने ओळी बसवतो, म्हणून त्याला कुठला तरी प्रिंटर दिसावा लागतो.

फाइल ‘आत’मधून डी वर कॉपी करून मगच उघडा. शेअर फोल्डरमधून थेट उघडू नका. चित्रांचे दुवे जुन्या मार्गाने साठवलेले असतात. काम पूर्वी डी ड्राइव्हवर होत असेल तर इथेही फोल्डरची नावं तीच ठेवा, चित्रं आपोआप सापडतात.

‘पॅनोज फॉन्ट मॅचिंग’ नावाची खिडकी आली तर हात आवरा. तिचा अर्थ, फायलीतला एखादा फॉन्ट मिळाला नाही आणि पेजमेकर त्याच्या जागी दुसरा घालू पाहतोय. तिथे दिसणारी नावं कागदावर उतरवा, फाइल बंद करा, ते फॉन्ट शोधून बसवा. ‘पर्मनंट’ निवडून सेव्ह केलीत तर कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट होता ही माहितीच पुसली जाते, आणि मग ती खिचडी कायमची. डॉक्युमेंट सेटअपमधला ‘कम्पोज टू प्रिंटर’ बदलू नका. ओळी सरकून पानांचे शेवट हलू शकतात.

सगळं नीट दिसलं की एक्सपी शट डाउन करून स्नॅपशॉट घ्या. मशीनची प्रत तिच्या डिस्कची व्हीडीआय फाइल कॉपी करून काढू नका. त्याच संगणकावर जोडायला गेलात तर ‘हा यूयूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) आधीच आहे’ अशी तक्रार येते. ‘क्लोन’ वापरा आणि मॅक ॲड्रेस आहे तोच ठेवा, म्हणजे ॲक्टिव्हेशनला हार्डवेअर बदलल्याचं वाटण्याचं एक कारण तरी कमी होतं. बाहेर जपून ठेवायला ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ने ओव्हीए, म्हणजे अख्ख्या मशीनची एकच फाइल, करा. त्यात स्नॅपशॉट जात नाहीत, सध्याची अवस्था तेवढी जाते. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करण्याआधी मशीन ‘सेव्ह्ड’ अवस्थेत सोडू नका, पूर्ण बंद करा.

छपाई आणि मॅटर

पान जसंच्या तसं पुन्हा छापायचं असेल तर प्रिंट खिडकीतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल’ टिक करा, फॉन्ट डाउनलोडमध्ये पोस्टस्क्रिप्ट आणि ट्रूटाइप दोन्ही ठेवा. तयार झालेली फाइल ‘बाहेर’मध्ये टाका आणि होस्टवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. प्रेसला ही पुरते. मात्र या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा खिचडीच हाती येईल, कारण आत अक्षरं जुन्याच जागांवर आहेत.

मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर पीडीएफच्या वाटेला जाऊच नका. पेजमेकरमध्ये टेक्स्ट टूलने मजकुरात कर्सर ठेवा, एक्स्पोर्टमधून आरटीएफ काढा. साधी टेक्स्ट फाइल नको. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव गळून पडतं, आणि मग ‘युनेस्को’सारखा इंग्रजी लिपीतला शब्द कोणता आणि जुन्या फॉन्टमधला मराठी शब्द कोणता, हे युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरला कळायला मार्गच राहत नाही. तो इंग्रजीचंही देवनागरी करून ठेवतो. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे फॉन्टचं नाव असतं. ती आरटीएफ होस्टवर वर्डमध्ये उघडून ‘जरा नीट’ करण्याचा मोह टाळा: ऑटोकरेक्ट सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं करतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी अवतरण नसून एखादं अर्धं अक्षर असू शकतं. पेजमेकरच्या प्रेफरन्समधली टायपोग्राफर्स कोट्सची चौकटही बंद ठेवा.

कन्व्हर्टर फॉन्टकुळानुसार निवडावा लागतो. श्रीलिपीचा तक्ता आकृतीला लागू पडत नाही. कन्व्हर्टरचं काम नुसती अक्षरं बदलण्याचं नाही, क्रम बदलण्याचंही आहे. जुने फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवतात. ‘कि’ मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क. ‘वर्ष’ मध्ये व, ष आणि सर्वांत शेवटी रफार. युनिकोडमध्ये व, मग र आणि हलन्त, मग ष. ‘वर्षांत’सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार यांचा पुष्कळ फॉन्टमध्ये एकच जोडतुकडा असतो, तिथे कन्व्हर्टर हमखास चुकतो.

म्हणून सगळं पुस्तक कन्व्हर्टरला देण्याआधी एक चाचणीचं पान करा: विद्यार्थी, कीर्ती, वर्षांत, निर्मितीची, क्लिष्ट, दृष्टी, ज्ञानेश्वर, श्रद्धा, ॲडव्होकेट. आणि मराठीसाठी सगळ्यांत खडतर परीक्षा: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला हा ऱ्य माहीतच नसतो, तो स्वयंपाक करणाऱ्यांना थेट आचार्यपदी बसवतो. स्पेलचेकरही गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य. दिसायला सारखा, शोधताना वेगळा. कन्व्हर्टर कुठला देतो ते पाहा आणि सगळ्या फायलींत पहिल्या तऱ्हेचा करून घ्या. मग छापील प्रत शेजारी ठेवून प्रूफ वाचायला बसा.